बारडोलीचा ताळेबंद

येशूच्या बोलण्यात बाजार फार येतो. मोत्यांचा व्यापारी, कर्ज सोडून देणारा सावकार, संध्याकाळी मजुरी वाटणारा मळ्याचा मालक, बुरूज बांधण्याआधी खर्चाचा अंदाज घेणारा माणूस. सुताराच्या घरात वाढलेला मुलगा तो. लाकडाचे भाव आणि लोकांकडे थकलेली मजुरी यांवरची बोलणी त्याच्या कानावरून लहानपणापासून गेलीच असणार. त्यामुळे त्याचा सगळ्यात अवघड प्रश्नही एखाद्या मुनिमाने चष्म्यावरून बघत विचारावा, तसा आहे. अख्खं जग पदरात पडलं आणि त्या व्यवहारात माणूस स्वतःच गमावला गेला, तर फायदा कुठला धरायचा? आणि गेलेला जीव सोडवून आणायला मोबदला म्हणून देणार काय?

मार्काच्या आठव्या अध्यायात हा प्रश्न कैसरिया फिलिप्पीच्या वाटेवर येतो. थोडं आधी पेत्राने येशूला बाजूला घेऊन समजावलेलं असतं की दुःख, अपमान, मरण ही असली भाषा कशाला? पेत्र कोळी होता, व्यवहार जाणणारा. त्याला चांगलं चाललेलं काम बुडू द्यायचं नव्हतं. येशू त्याला फटकारतो आणि मग शिष्यांबरोबर जमलेल्या लोकांनाही जवळ बोलावतो. मत्तयाने हेच सांगताना फक्त शिष्यांचा उल्लेख केला आहे, मार्काने गर्दीला आत घेतलं. मला मार्क जवळचा वाटतो तो यासाठीही.

माझी उभी नोकरी सहकार खात्यात लेखापरीक्षणात गेली. नंदुरबार, शहादा, तळोदा इथल्या पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संघ. टाचण्यांना गंज चढलेल्या व्हाउचरांचे गठ्ठे उलगडत दिवस काढायचे. त्या धंद्यात एक गोष्ट कळली. संस्था नफा मोठ्या अक्षरांत छापते, अहवालाच्या पहिल्या पानावर, अध्यक्षांच्या फोटोखाली. बुडालेली रक्कम मात्र ‘इतर येणे’ या रकान्यात निपचित पडलेली असते. कागदावर ती येणं असते, म्हणजे मालमत्ताच. वर्षामागून वर्षं ती तशीच पुढे ओढली जाते. ती कधीच यायची नाही हे चेअरमनला, सचिवाला, शिपायालाही ठाऊक असतं. आत्म्याचा तोटा माणसं कुठे दाखवत असतील, असा विचार मनात आला की मला तोच रकाना दिसतो.

बारडोलीला माझी चुलत बहीण दिलेली आहे. नवापूर, चिंचपाडा, व्यारा, सोनगड या पट्ट्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या सोयरिकींनी राज्याची सीमा कधी मानली नाही. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथल्या एका बाकावर बसलं तर शेजारचा माणूस परराज्यात बसलेला असू शकतो. तिथून सुरतेकडे जाणारी गाडी उकाई-सोनगड, व्यारा, मढी करत बारडोलीला लागते. ही जुनी तापी व्हॅली लाइन. बारडोलीच्या कथेत या रुळांचाही वाटा आहे, कारण रेल्वे आली, भाव वाढले, लोकांनी पक्की घरं बांधली, दारात म्हशी वाढल्या, असल्या खुणा मोजूनच 1920च्या दशकात सरकारने इथला शेतसारा वाढवायला घेतला. भिंतीच्या विटा आणि गोठ्यातली जनावरं मोजून माणसाची ऐपत ठरवणारा तो अहवाल. डोक्यावरच्या कर्जाकडे त्याने काणाडोळा केला, ही शेतकऱ्यांची मुख्य तक्रार होती.

पण 1928च्या साराबंदीच्या सत्याग्रहाआधी 1922 येतं, आणि माझ्या मते बारडोलीची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

1922च्या फेब्रुवारीत गांधी बारडोलीत होते. सामुदायिक कायदेभंगाचा पहिला प्रयोग याच तालुक्यात व्हायचा होता. 1 फेब्रुवारीला त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगला इथूनच निर्वाणीचं पत्र लिहिलं. सगळा देश बारडोलीकडे डोळे लावून बसला होता. हजारो माणसं तुरुंगात होती. एका वर्षात स्वराज्य, हे शब्द लोकांच्या तोंडी बसले होते. आणि त्याच आठवड्यात गोरखपूरकडच्या चौरीचौऱ्यात जमावाने पोलीस ठाणं पेटवून बावीस पोलिसांना मारलं. 11 आणि 12 फेब्रुवारीला बारडोलीतच काँग्रेस कार्यकारिणी बसली आणि चळवळ मागे घेण्यात आली. गांधींनी पाच दिवस उपास केला. तुरुंगातले मोतीलाल नेहरू आणि लाला लजपतराय संतापले. एका टोकाच्या गावात गुन्हा झाला म्हणून तीस कोटींची लढाई थांबवायची?

गांधींनी ‘यंग इंडिया’त जो लेख लिहिला तो मी पुन्हापुन्हा वाचलेला आहे. राजकारण म्हणून हा निर्णय चुकीचा, अविचारी ठरेल, पण धर्म म्हणून तो बरोबर आहे, असं ते त्यात उघड मान्य करतात. शिवाय लेखात एक तिसरंच पात्र येतं. सैतान. व्हाइसरॉयला धाडलेल्या पत्राचं आता काय, असं तो गांधींना विचारतो. नाक कापलं जाईल, लोक हसतील. अपमानाचा तो पेला सगळ्यात कडू होता, असं गांधी म्हणतात. शुभवर्तमान वाचलेल्या माणसाला हा पेला कुठून आला ते सांगावं लागत नाही. सैतानही ओळखीचा आहे. येशूला चाळीस दिवसांच्या उपासानंतर उंच डोंगरावर नेऊन जगातली सगळी राज्यं दाखवणारा तोच. तिथे अट फक्त वाकण्याची होती, इथे फक्त काणाडोळा करण्याची. बावीस माणसांकडे डोळेझाक केली असती तर स्वराज्य कदाचित लवकर आलं असतं. कदाचित नसतंही आलं. इतिहासाचे जाणकार यावर अजून भांडतात आणि भांडोत. मला एवढंच दिसतं की बारडोलीत त्या दोन दिवसांत जमा बाजूला एक देश होता, आणि एका माणसाने खर्चाची बाजू आधी वाचली.

गांधींना ही सवय जुनी. 22 डिसेंबर 1916 रोजी अलाहाबादच्या म्युअर कॉलेजात त्यांचं भाषण झालं. समोर अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि विद्यार्थी. विषय होता, आर्थिक प्रगती खऱ्या प्रगतीच्या आड येते का? गांधींनी आकडे दिले नाहीत. मार्काचा दहावा अध्याय काढला आणि श्रीमंत तरुणाचा प्रसंग जवळजवळ सगळा वाचून दाखवला. सगळ्या आज्ञा पाळणारा तो सज्जन तरुण, सर्व विकून गरिबांना दे असं ऐकताच खिन्न होऊन निघून जातो. मग उंट आणि सुईचं नेढं. अर्थशास्त्राच्या पुष्कळ आधुनिक पुस्तकांपेक्षा धर्मग्रंथ अधिक भरवशाचे आहेत, असंही ते तिथे म्हणाले. प्राध्यापकांचे चेहरे कसे झाले असतील, याची मला राहून राहून उत्सुकता वाटते.

तर 1928. सरकारने बारडोलीचा सारा 22 टक्क्यांनी वाढवला. 12 फेब्रुवारीला शेतकऱ्यांनी शपथ घेतली की फेरचौकशी होईपर्यंत एक पैही भरायची नाही. नेते वल्लभभाई पटेल. पुढचे सहा महिने तालुक्यात जे चाललं ते वाचताना आज डोळ्यांसमोर येतात त्या म्हशी. जप्तीवाले पठाण घेऊन फिरायचे आणि दिसेल ते जनावर हाकून न्यायचे. म्हणून लोकांनी म्हशी घरात घेतल्या आणि दारं लावली. चैत्र, वैशाख. कौलारू घर, खिडक्या बंद, आत माणसं, पोरंबाळं, चूल, शेण, मूत, माश्या. उन्हाळाभर अंधारात राहून म्हशींचा काळा रंग फिका पडल्याच्या हकीकती महादेव देसाईंनी लिहिलेल्या बारडोलीच्या इतिहासात आहेत. या अंधारात दिवसभर कोण होतं? बायका. सभेत भाषणं करायला पुरुष जात, म्हशीला घरात पाणी दाखवायचं काम बाईचं. मिठूबेन पेटिट, भक्तिबा, मणिबेन या कार्यकर्त्या गावोगाव हिंडल्या ते उगाच नाही. घर वाकलं तर तालुका वाकेल हे सगळ्यांना कळत होतं. वल्लभभाईंना सरदार ही पदवी बारडोलीच्या बायकांनी दिली असं सांगतात. मला ते मनोमन पटतं. बिल ज्यांनी भरलं, त्यांना पदवी देण्याचा हक्क होताच.

त्यागाची बिलं घरात कोणाच्या नावावर फाटतात, हे मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांनी सांगून ठेवलं आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, 1917 साली मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. मोठा माणूस. जग जिंकायचा त्यांना मोहच नव्हता. पण हातातला पैसा वाटून टाकून कवी मोकळा झाला की संध्याकाळच्या पिठाची चिंता लक्ष्मीबाईंनी करायची. ‘स्मृतिचित्रे’ वाचून आपण हसतो, आणि तिने हसवलं म्हणून हसतो. आत्म्याचं मोल आणि घरखर्च यांतला तंटा इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्या भारतीय ख्रिस्ती पुस्तकात आला असेल, मला वाटत नाही.

बारडोलीत जमिनी जप्त झाल्या, काही मातीमोल भावाने विकल्याही गेल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची काळी जमीन, कापसाची आणि जोंधळ्याची. लिलावाचा पुकारा झाला तरी शेतकरी सारा भरेना. पाटील आणि तलाठ्यांनी राजीनामे दिले. शेवटी 6 ऑगस्टला समझोता झाला, जमिनी परत करायचं ठरलं. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन सरकारी अधिकाऱ्यांच्याच चौकशीत वाढ 22 टक्क्यांवरून 6.03 टक्क्यांवर आली. म्हणजे शेतकऱ्यांचा हिशेब बरोबर होता. पण शपथ घेतली तेव्हा हे त्यांना माहीत नव्हतं. तेव्हा त्यांच्या हातात जमीन होती आणि तोंडात एक शब्द होता, आणि दोन्ही राखता येतील याची काही हमी नव्हती.

इथे थांबलो असतो तर छान झालं असतं. पण लेखापरीक्षकाला पान उलटावंच लागतं. बारडोलीच्या त्या पाटीदारांच्या आणि अनाविल ब्राह्मणांच्या शेतात राबणारे दुबळा, म्हणजे आजचे हळपती, पुष्कळदा हाळी असत. लग्नासाठी मालकाकडून पैसे घ्यायचे आणि मग आयुष्यभर, बायकोपोरांसह, त्याच्या दारात राबायचं. कर्ज कधी फिटायचंच नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन 1960च्या दशकाच्या सुरुवातीपासून या भागात हिंडले आणि त्यांनी या पद्धतीचा सविस्तर इतिहास मांडला. 1928 साली सरकारकडे जो न्याय मागितला गेला, तो हाळीपर्यंत उतरला नाही. हाळींना सोडवण्याच्या गोष्टी नंतर, पुढच्या दशकात सुरू झाल्या. मी सत्याग्रहींना कमी लेखत नाही. बंद घरातली ती सहा महिन्यांची घुसमट सोसायला मी तयार झालो असतो का, याची मला शंका आहे. पण त्या घराच्या ओट्यापलीकडे आणखी एक वही होती आणि ती उघडायची राहिली, हेही तितकंच खरं.

नंतर काकरापारचा बंधारा झाला, पुढे उकाई धरण झालं, कालव्याचं पाणी आलं. कापूस आणि जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला. 1950च्या दशकात बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सहकारी साखर कारखाना काढला आणि तो देशातल्या मोठ्या कारखान्यांत गणला जाऊ लागला. आज गावात परदेशी पैशाने बांधलेल्या कोठ्या दिसतात, वर्षातले दहा महिने कुलूपबंद. आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या खानदेशातून, नंदुरबार-धुळ्यातून, शेजारच्या डांगातून ट्रक भरून माणसं येतात. ऊसतोड मराठी वाचकाला नव्याने समजावून सांगायला नको. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता. पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, उचल घ्यायची. मोसमभर खावटीवर जगायचं आणि शेवटी जो हिशेब मुकादम सांगेल तो ऐकायचा. हाळीचं कर्ज लग्नासाठी असे, ही उचलही पुष्कळदा लग्नासाठीच असते.

ऊसतोड कामगारांच्या अशा एका पडावावर मी बहिणीच्या नवऱ्याबरोबर रविवारी संध्याकाळी गेलो होतो. टोळी नवापूरकडची, त्यातली पाच-सहा घरं ख्रिस्ती. उसाच्या पाल्याने शाकारलेल्या झोपड्या, आत गेलं तर सरळ उभं राहता येत नाही. बाहेर वाढ्यांच्या मोळ्या रचलेल्या, त्या विकून मीठ-मिरची येते. बायकांचे हात पाचटाने कापलेले, काहींनी बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. गाणी झाली, आणि बारावीपर्यंत शिकलेल्या एका पोराने मोबाइलच्या उजेडात मार्काचा आठवा अध्याय वाचला. त्याने तो मुद्दाम निवडला नव्हता, त्यांचं वाचन क्रमाने तिथवर आलं होतं. मग पाहुणा म्हणून दोन शब्द बोलायला त्याने मला सांगितलं. मी आत्म्याचं मोल, नश्वर धन वगैरे सुरू केलं. पन्नाशीची एक बाई पोराला मांडीवर थोपटत ऐकत होती. ती मध्येच म्हणाली,

“भाऊ, हे वचन आमच्यासाठी नाही. ज्याने जग कमावलं त्याला सांगा. आमची उचल फिटली तरी आम्ही जग जिंकलं.”

बाकीचे हसले. मीही हसलो, कारण उत्तर नव्हतं. मग कोणीतरी विषय बदलला, गेल्या साली टनाला किती पडले यावर बोलणं गेलं. बोलता बोलता तिनेच सांगितलं, गेल्या मोसमात मुकादमाने तिच्या नवऱ्याला टोळीवाला करायचं काढलं होतं. दहा कोयते तू आण, कमिशन घे, कोयता चालवायचं कामच उरणार नाही. अट एवढीच की कोणी मधूनच पळून गेलं तर जबाबदारी तुझी, पळू द्यायचं नाही.

“मग?”

“हे नको म्हणाले. भावकीतल्याच पोरींना रात्री राखत बसायचं का?”

एवढं बोलून ती पोराला घेऊन झोपडीत गेली. तिचा नवरा शेजारीच दगडावर कोयत्याला धार लावत बसला होता. तो एक शब्द बोलला नाही. त्याच्यापुढे ठेवलेलं जग केवढं होतं? दहा कोयत्यांचं कमिशन. तेवढंच कोणी त्याला देऊ केलं होतं, आणि तेवढं त्याने नाकारलं.

जीव गमावणं म्हणजे मेल्यावर काहीतरी होणं, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. रविवारच्या शाळेतली चित्रंही तशीच असत, खाली आग आणि वर ढग. पण शुभवर्तमानातली माणसं पाहिली तर तोटा आणि फायदा दोन्ही इथेच, दुसऱ्या माणसाच्या खात्यावर दिसतात. जक्कयचं बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, बुटका, झाडावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो तेव्हा तो आपल्या पापांबद्दल गहिवरून भाषण करत नाही. तो आकडे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट परत. तारण आज या घरात आलं, असं येशू यानंतर म्हणतो. आपल्याकडे भक्तीत आकडे आणणं हलकेपणाचं समजतात. त्यामुळेच आपली भक्ती स्वस्तात सुटते.

जक्कयच्या जातीचा एक माणूस गांधींना भेटला होता. जोसेफ चेल्लादुरै कॉर्नेलियस, तमिळ ख्रिस्ती, लंडनला शिकलेला हिशेबनीस, मुंबईत स्वतःची फर्म. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थव्यवहाराचा अभ्यास करताना भारत गरीब का, हा प्रश्न त्याला चिकटला आणि सुटला नाही. 1929च्या मे महिन्यात तो साबरमतीला गांधींना भेटला, आणि फर्म, सूट, पाश्चात्त्य नाव सगळं सोडून जे. सी. कुमारप्पा झाला. गांधींनी त्याला उपदेश केला नाही, काम दिलं. खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची घरोघर पाहणी. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा करण्यात कुमारप्पांची वर्षं गेली. 1934च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधी आणि त्यांच्याबरोबरची मंडळी दौऱ्यावर आली तेव्हा त्यांचा खर्च या निधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी कळवलं. तो पैसा भूकंपग्रस्तांचा होता आणि महात्मा भूकंपग्रस्त नव्हता. माझ्या व्यवसायातल्या माणसाने केलेली याहून मोठी नोंद मला ठाऊक नाही. येशूच्या शिकवणीवरचं आणि टिकाऊ अर्थव्यवस्थेवरचं अशी त्यांची दोन्ही पुस्तकं तुरुंगात लिहिली गेली. चर्चच्या वरिष्ठांशी मात्र त्यांचं पटलं नाही. मेट्रोपॉलिटन बिशप वेस्टकॉट यांना सत्याग्रह ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही असं वाटे, आणि कुमारप्पा त्यांना ख्रिस्ताचेच शब्द पुढे करून उत्तर देत.

आता थोडं नाजूक बोलायचं. या देशात ख्रिस्ती माणसावरचा जुना आरोप हाच आहे की त्याने लाभासाठी आत्मा विकला. भाकरीसाठी धर्म. संवत 1956चा दुष्काळ, गुजरातेतला छप्पनिया, या भागाने भोगला. 1900 साली पंडिता रमाबाईंनी गुजरातच्या दुष्काळातून शेकडो मुली केडगावच्या मुक्ती सदनात आणल्या, मिशनऱ्यांनी अनाथालयं उघडली, आणि टीका लगेच सुरू झाली. टीकेत तथ्य अजिबात नव्हतं असं मी म्हणणार नाही. आत्म्यांचाही ताळेबंद छापायची मिशनांची रीत होती. बाप्तिस्मे इतके, गेल्या वर्षीपेक्षा इतके जास्त. तो कागद वाचताना मलाही अवघडल्यासारखं होतं. पण रमाबाईंनी स्वतः लहानपणी दुष्काळात आईबाप गमावले होते. भुकेल्या पोरीपुढे भाकरी ठेवणं हा तिच्या आत्म्याचा सौदा ठरवायचा, तर भाकरी न ठेवणाऱ्याच्या आत्म्याचं काय करायचं? गुजरातच्या 2003च्या कायद्यात प्रलोभनाने धर्मांतर हा गुन्हा आहे आणि धर्मांतर घडवणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्याची आधी परवानगी घ्यावी अशी तरतूद आहे. प्रलोभन वाईटच. फक्त गरिबाने धर्म बदलला तरच ते दिसतं, आणि श्रीमंताने धर्म न बदलता नुसता विकला तर कोणत्याच कार्यालयात त्याचा अर्ज नसतो, एवढं मला खटकतं.

आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी हे दुसऱ्यांकडे बोट दाखवत सांगावं, अशी स्थिती नाही. वसईत 1980च्या दशकाच्या अखेरीस केळीच्या बागा आणि विहिरी बिल्डरांच्या घशात जाऊ लागल्या तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईची चळवळ घेऊन रस्त्यावर उतरले. पुढे ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, जुलै 2024 मध्ये गेले. त्यांच्या लढ्यातली अवघड बाजू ही की जमिनी विकणाऱ्यांत त्यांच्याच वेदीपुढे गुडघे टेकणारी माणसंही होती. इकडे आमच्या भागात आणि तिकडे नगर-पुण्याकडे जुनी मिशन कंपाउंडं आहेत. चिंच-कडुनिंबांचे मोठे वृक्ष, दगडी बंगला, शाळा, एका कोपऱ्यात दफनभूमी. शहरं वाढली तशी ती मोक्याची झाली. विश्वस्तांचे दोन तट, तीन तट, धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज, कोर्टात तारखा. अशा एका ट्रस्टच्या सभेला निवृत्तीनंतर मला हिशेब तपासायला म्हणून बोलावलं होतं. ठराव होता, दवाखान्यामागची जागा विकसकाला देण्याचा. सभेची सुरुवात प्रार्थनेने झाली, शेवटही प्रार्थनेने झाला, मध्ये चौरस फुटाचा भाव ठरला. त्या जागेवर मिशनच्या काळापासून राहणाऱ्या सात-आठ कुटुंबांचा उल्लेख ठरावात ‘इतर अडचणी’ असा होता.

मी माझा शेरा लिहून दिला. तो कोणी वाचला असेल असं वाटत नाही.

त्यामुळे पाळकांना आणि मंडळीच्या पंचांना एक विनंती आहे. मार्काच्या आठव्या अध्यायातलं ते वचन तुम्ही बहुधा दफनविधीला वाचता. तिथे ते वाया जातं. ज्याच्यासाठी वाचता त्याला आता काही कमवायचं नसतं आणि बाकीच्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. ते वार्षिक सभेत वाचा, विक्रीचा ठराव मांडण्याच्या आधी, आणि वाचून झाल्यावर त्या जागेवर राहणाऱ्या माणसांना आधी बोलू द्या.

बाकी सभासदांनी सही करण्यापूर्वी ‘इतर येणे’ हा रकाना तपशिलासह मागून घ्यावा. सहकार कायद्यात तो तुमचा हक्क आहे, ट्रस्टच्या हिशेबातही मागायला कोणी अडवत नाही.